श्रींचे शस्त्र : भाला की विटा?

गाभाऱ्याच्या कोपऱ्यात उभे असणारे व दर खंडेनवमीस पूजले जाणारे श्रींचे शस्त्र जीर्णोद्धाराचे निमित्ताने प्रथमच उजेडात आले. तेल-शेंदराचा थर इतका साचला होता की, पात्याचा घाटही ध्यानात येत नसे. गावात त्यास ‘शिवाजी महाराजांच्या वेळचा भाला’ म्हणण्याची चाल आहे. आता संगमरवरी पाटीवर तसे कोरण्याचा काही मंडळींचा आग्रह आहे. तेव्हा हे शस्त्र नेमके कोणते, हे आधी पाहणे अगत्याचे आहे.

लांब दांड्याची सारी शस्त्रे म्हणजे भालाच, असे नव्हे. घोडेस्वाराचा भाला म्हणजे लांब बांबूस बसविलेले पोलादी पाते. सांग ही टोकापासून बुडापर्यंत लोखंडी. बर्ची आखूड व हलकी. विटा हे मराठ्यांच्या फौजेत विशेष प्रचारात असलेले शस्त्र होय. त्याच्या बुडाशी दोरी बांधून तिचे दुसरे टोक मनगटास अडकवीत. विटा फेकला की हिसडा देऊन तो परत ओढून घेता येई. फेकलेला भाला शत्रूच्याच हाती लागावा, ही मोठी अडचण. ती एका दोरीने दूर झाली! कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत विटेकऱ्यांचा उल्लेख आहे.

श्रींच्या शस्त्राचे बुडाशी लोखंडी टोपी असून तिला कडी आहे. पाहणारा पात्याकडेच पाहतो, कडीकडे कोणी पाहत नाही. वास्तविक ओळख तेथेच पटते. दांडा रंधा मारलेला सागवानी, म्हणजे मागाहून घातलेला दिसतो. लाकूड कुजते, लोखंड टिकते. परंतु टोपी व पात्याची खोबण दोन्ही एकाच तऱ्हेने ठोकून घडविलेली आहेत आणि कडी आतून एका अंगास झिजली आहे. त्यावरून हा विटा मानणे सयुक्तिक होय.

काळाचे मात्र तसे नाही. पात्यावर अक्षर नाही, आणि लोहार एकच घाट पिढ्यान् पिढ्या घडवीत. पाटीवर ‘श्रींचा विटा’ एवढेच कोरावे. ‘शिवकालीन’ म्हणण्यामागील भाव मोठा आहे, पुरावा तेवढा नाही.

पात्यास निकेल चढविण्याची किंवा तेजाबाने उजळण्याची सूचनाही आली आहे. तसे झाल्यास हातोड्याच्या खुणा कायमच्या जातील. मऊ फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. शेंदूर लावणे तो दांड्यास लावावा. पाते व कडी मोकळी ठेवावीत.