नाशिकचे बापू, महाराष्ट्राचे की मुंबईचे?

पावसाळा हा काही क्रिकेटचा हंगाम नव्हे. कांगा लीग खेळणारे मुंबईकर यावर हरकत घेतील, तर त्यांना वगळून बोलतो. पण क्रिकेटवरच्या भांडणांचा खरा हंगाम मात्र पावसाळाच. सामने नसतात, धावफलक नसतो, तेव्हा कोण कुठल्या संघात गेला, कुणी कुणाला सोडलं, कुणाला घ्यायला हवं होतं, यावर वाद रंगतात. नाशिकला गोल्फ क्लब मैदानाच्या कडेला सकाळी फेऱ्या मारणाऱ्या मंडळींत हा वाद मी कितीतरी वेळा ऐकला आहे. 2025 च्या जुलैत तर त्याला ऊत आला होता. पृथ्वी शॉ मुंबईकडून ना हरकत दाखला घेऊन महाराष्ट्राच्या संघात आला. त्याच उन्हाळ्यात यशस्वी जयस्वालनं मुंबई सोडून गोव्याकडं जायचं ठरवलं आणि मग विचार बदलला. जलज सक्सेना केरळहून महाराष्ट्राकडं आला. "पूर्वी असं नव्हतं हो, पूर्वी खेळाडू आपल्या संघाला चिकटून असायचे," असं कुणीतरी म्हणतंच.

पूर्वीही अगदी असंच होतं, आणि त्याचा सर्वांत ठळक दाखला खुद्द नाशिकचा आहे.

आधी एक भौगोलिक गंमत लक्षात घ्या. महाराष्ट्र राज्य एक असलं, तरी रणजी करंडकात त्याचे तीन संघ आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. नाशिक जिल्हा येतो 'महाराष्ट्रा'त, ज्याचा कारभार पुण्याहून चालतो. पण नाशिकहून मुंबई जवळ, पुणे लांब. नाशिकरोडला गाडीत बसलं की थेट मुंबई. पुण्याला रेल्वेनं जायचं तर वळसा. बाजार मुंबईचा, नोकरी मुंबईची आणि क्रिकेट मात्र पुण्याचं. या ओढाताणीत इथल्या किती पिढ्या वाढल्या.

रमेशचंद्र गंगाराम उर्फ बापू नाडकर्णी यांचा जन्म नाशिकचा, 4 एप्रिल 1933 चा. 1950-51 मध्ये ते पुणे विद्यापीठाकडून रोहिंटन बारिया करंडकात खेळले आणि पुढच्याच हंगामात महाराष्ट्राच्या रणजी संघात आले. दोन वर्षांनी त्यांनी पहिलं शतक ठोकलं, तेही मुंबईविरुद्ध, मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर. नाबाद 103. शेवटच्या जोडीला कोल्हापूरचे सदाशिव पाटील होते आणि या दोघांनी अखेरच्या गड्यासाठी 103 धावा जोडल्या. मुंबईच्या गोलंदाजांना मुंबईतच दमवणारा हा डावखुरा तरुण 1960-61 च्या हंगामात मुंबईच्याच संघातून खेळू लागला. पहिल्याच हंगामात, दिल्लीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, त्यांनी नाबाद 283 धावा केल्या. कारकिर्दीतली ती त्यांची सर्वोच्च खेळी. मुंबईनं त्या वर्षी करंडक जिंकला, आणि त्यात नवल काहीच नव्हतं. 1958-59 पासून 1972-73 पर्यंत सलग 15 वर्षं तो मुंबईकडंच होता.

आता कट्ट्यावरचा प्रश्न: बापूंनी महाराष्ट्राला सोडलं, हे बरोबर झालं का? महाराष्ट्राचा संघ तेव्हा काही लेचापेचा नव्हता. प्राध्यापक दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली 1939-40 आणि 1940-41 असा लागोपाठ दोनदा त्यानं रणजी करंडक जिंकला होता. पण त्यानंतर आजपर्यंत एकदाही नाही. 1970-71 मध्ये संधी हाताशी आली होती. मुंबईचे बडे खेळाडू वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होते, सुधीर नाईकांच्या हाती नवखा संघ होता, तरीही अंतिम सामना मुंबईनंच जिंकला. आपली माणसं आपल्याकडंच राहिली असती तर, ही हळहळ पुण्या-नाशिककडच्या जुन्या रसिकांच्या मनात आहे, ती अशा पराभवांतून आलेली. मला ती समजते, पटत मात्र नाही.

कारण त्या काळी क्रिकेट खेळून पोट भरत नव्हतं. कसोटी खेळणाऱ्यालाही मिळायचं ते मानधन नव्हे, जेमतेम भत्ता. खेळाडूला जगवायची ती नोकरी. स्वातंत्र्यापूर्वी ही नोकरी संस्थानिक द्यायचे. नागपूरचे सी. के. नायडू 1923 मध्ये होळकर महाराजांच्या निमंत्रणावरून इंदूरला गेले आणि पुढं त्यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या होळकर संघानं चार वेळा रणजी करंडक जिंकला. युद्धाच्या काळात महूच्या लष्करी तळावर असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनही या संघातून खेळला. 1944-45 च्या अंतिम सामन्यात त्यानं मुंबईविरुद्ध नाबाद 249 धावा केल्या, तरी होळकर हरले ते हरलेच.

सांगलीच्या विजय हजारेंची गोष्ट तर बापूंच्या गोष्टीची थोरली बहीण शोभावी. महाराष्ट्राकडून खेळताना 1939-40 मध्ये पुण्याला त्यांनी नाबाद 316 धावा केल्या. कुणाविरुद्ध? बडोद्याविरुद्ध. आणि 1941-42 पासून हजारे बडोद्याचे झाले. 1946-47 च्या अंतिम सामन्यात त्यांनी गुल महंमदबरोबर चौथ्या गड्यासाठी 577 धावांची भागी केली, तीही बडोद्यासाठी. चंदू बोर्डे पुण्याचे. तेही बरीच वर्षं बडोद्याकडून खेळून मग महाराष्ट्रात परतले. विनू मंकड यांच्या संघांची यादी वाचताना तर धाप लागते: नवानगर, महाराष्ट्र, गुजरात, बंगाल, मुंबई, राजस्थान. जामनगरचा हा माणूस एका हंगामापुरता आपलाही होता, हे आपण सोयीस्कर विसरतो. आला तो आपला आणि गेला तो फितूर, असा हा न्याय आहे.

संस्थानं गेली आणि त्यांची जागा कंपन्यांनी, बँकांनी, रेल्वेनं घेतली. मुंबईत टाइम्स शील्ड ही कार्यालयीन संघांची स्पर्धा म्हणजे एका परीनं नोकऱ्यांचा बाजारच होता. टाटा, एसीसी, स्टेट बँक, मफतलाल, निर्लॉन, या नावांचे संघ असे, की त्यांतल्या काहींत आठ-आठ रणजीपटू असावेत. बापूही एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरीला होते. सकाळी कचेरीत सही, दुपारी मैदान, आणि महिनाअखेरीला पगार. निवृत्तीनंतरही टेबल तुमचंच. हा काही लेखी खेळाडू-करार नव्हता, पण आजच्या कुठल्याही करारापेक्षा दीर्घ मुदतीचा होता.

हॉकीतही तेच. धनराज पिल्ले खडकीचा. लष्करी वसाहतीच्या मैदानावर वाढला, आणि नाव झालं ते मुंबईला थोरल्या भावाकडं राहायला गेल्यावर, महिंद्र अँड महिंद्रच्या संघातून. खडकीनं मुलगा घडवला आणि मुंबईनं त्याला पगार दिला. पुढं 2005 मध्ये प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली तेव्हा तो 'मराठा वॉरियर्स'कडून खेळला, आणि 2013 मध्ये हॉकी इंडिया लीग आल्यावर तर खेळाडूंचा उघड लिलावच झाला. सरदार सिंगवर दिल्लीनं 78,000 डॉलरची बोली लावली होती.

जगात याहून वेगळं काय घडलं? अमेरिकेत बेसबॉलच्या मालकांकडं खेळाडू जवळजवळ वेठीला बांधलेला असे. कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूला 1969 मध्ये न विचारता दुसऱ्या शहराच्या संघाला देऊन टाकलं. त्यानं नकार दिला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1972 मध्ये हरला. पण त्यानं उघडलेल्या वाटेनं 1975 नंतर बेसबॉलपटू मोकळे झाले. युरोपात फुटबॉलपटूंना करार संपल्यावर मोकळेपणानं जाता येऊ लागलं ते 1995 च्या बोसमन निकालानंतर. कॅनडात बर्फावरच्या हॉकीचे करार 1 जुलैला खुले होतात आणि त्या दिवशी तिकडचे रसिक आपल्या गोल्फ क्लबच्या मंडळींसारखेच हिरिरीनं भांडतात. 1988 मध्ये एडमंटननं वेन ग्रेट्झ्कीला लॉस एंजलिसला देऊन टाकलं, तेव्हा एका खासदारानं सरकारनं हा व्यवहार थांबवावा अशी मागणी संसदेत केली होती. बापू मुंबईला गेले तेव्हा असं काही झालं नाही. आपल्याकडं खेळाडूला कुणी विकलं नाही, पण त्याला थांबवण्यासाठी कुणी दमडीही पुढं केली नाही.

गंमत अशी, की वारं आता उलटही वाहतं. मुंबईचा वसीम जाफर 2015-16 च्या हंगामात विदर्भाकडं गेला. दुखापतीमुळं पुढचं वर्ष त्याला खेळता आलं नाही, तेव्हा त्यानंतरच्या हंगामात तो मानधन न घेता खेळला. इंडियन ऑइलची नोकरी पाठीशी होती म्हणून त्याला हे परवडलं, हेही सांगायला हवं. 2017-18 च्या त्याच हंगामात विदर्भानं पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, म्हणजे तेही मुंबईचे. पृथ्वी शॉनं तर महाराष्ट्रात आल्यावर 2025 च्या ऑक्टोबरात मुंबईविरुद्धच्या सरावसामन्यातच 181 धावा केल्या आणि पाठोपाठ रणजीत चंडीगडविरुद्ध द्विशतक. नाडकर्णी आणि हजारे यांनी धावा आधी केल्या आणि संघ नंतर बदलला. यानं संघ आधी बदलला, एवढाच फरक.

खेळाडूनं जावं, जिथं भाकरी आणि संधी आहे तिथं जावं, याबद्दल मला शंका नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या गावात त्यानं पहिली बॅट धरली, त्या गावाच्या पदरात या सगळ्यातून काय पडतं? फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं 2001 पासून नियम केला आहे, की करार चालू असताना खेळाडू मोठ्या क्लबनं पैसे मोजून घेतला, तर त्या रकमेचा काही भाग त्याला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांना जातो. आपल्या क्रिकेटमध्ये असलं काही रुजलेलं नाही. महाराष्ट्र प्रीमियर लीग 2023 मध्ये सुरू झाली, तिच्यात नाशिकच्या नावाचा संघ आला, आणि त्याचा चेहरा म्हणून राहुल त्रिपाठी आला. उत्तम खेळाडू, पण नाशिकचा नव्हे. नाव गावाचं, माणसं लिलावातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण मॅटिंगची विकेट पसरून मुलांना शिकवणाऱ्या इथल्या एखाद्या छोट्या क्लबच्या हिशेबाच्या वहीत त्या टाळ्यांची नोंद कुठं होणार?

बापूंकडं परत येतो. जाळ्यात सराव करताना खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकणारा हा गोलंदाज. 12 जानेवारी 1964 ला मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग 21 षटकं निर्धाव टाकली, 131 चेंडूंवर एकही धाव नाही. डावातलं पृथक्करण 32-27-5-0. एकंदर 41 कसोटींत षटकामागं त्यांनी दोनही धावा दिल्या नाहीत. प्रथम दर्जाच्या सामन्यांत बरोब्बर 500 बळी आणि आठ हजारांवर धावा.

आणि त्या ब्रेबॉर्नच्या शेवटच्या जोडीतले दुसरे? सदाशिव पाटील महाराष्ट्रातच राहिले, संघाचं नेतृत्वही त्यांनी केलं. 1955 च्या डिसेंबरात न्यूझीलंडविरुद्ध मुंबईला ते कसोटी खेळले, दोन बळी मिळाले, भारत डावानं जिंकला. पुढची कसोटी दिल्लीला, आणि तिथं पदार्पण केलं बापूंनी. पाटलांना मात्र त्यानंतर कधी बोलावणं आलं नाही. बापू मुंबईला जायच्या कितीतरी आधीच त्यांच्यावर फुली पडली होती, तेव्हा याचा दोष संघनिष्ठेला देता येत नाही. 2020 च्या जानेवारीत मुंबईला बापू गेले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कोल्हापूरला सदाशिव पाटील.