जिगर, कासनी आणि कसोटी

'जिगरी दोस्त' किंवा 'जिगरबाज गडी' म्हणताना हा फारसी शब्द मुळात यकृताचा आहे, हे आपल्या ध्यानीही नसते. युनानी तिब्बमध्ये हृदय आणि मेंदू यांच्या जोडीने जिगर हा शरीराचा प्रमुख अवयव. अन्नाचे रक्त येथेच होते, ही जालिनूसपासून चालत आलेली समजूत. साहजिकच जिगर सांभाळणाऱ्या कासनी, मकोय, कबर या वनस्पतींना हकिमांकडे मोठा मान होता. 1955 साली बाजारात आलेल्या 'लिव-52' या गोळीतही ही तिन्ही नावे आहेत.

इब्न सीना (980–1037) यांनी कासनीवर स्वतंत्र रिसालाच लिहिला. तिची पाने धुऊ नयेत, धुतल्याने गुण जातो, असे त्यांचे म्हणणे. याच इब्न सीनांनी 'अल-कानून'मध्ये औषध पारखण्याचे नियमही घालून दिले. परिणाम योगायोगाने नव्हे, वारंवार दिसला पाहिजे. शिवाय प्रयोग माणसावरच व्हावा. घोड्याला किंवा सिंहाला जे लागू पडते ते माणसाला पडेलच असे नाही.

ही कसोटी किती मोलाची, ते भुईआवळीच्या कहाणीतून कळते. आपल्याकडे कावीळ म्हटली की भुईआवळी आठवतेच. 1988 साली मद्रासच्या संशोधकांनी 'हेपटायटिस बी'चे विषाणू बाळगणाऱ्या लोकांना तिचे चूर्ण 30 दिवस दिले. 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. नुसती बनावट पुडी घेतलेल्या 23 जणांत असा एकच निघाला. जगभर आशा पालवली. पण पुढे इतरत्र झालेल्या प्रयोगांत तसे यश दिसले नाही.

मग गावोगावच्या काविळीच्या औषधांची ख्याती कशी टिकली? 'हेपटायटिस ए'ची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय मुळीला मिळते. 'बी'चा विषाणू मात्र वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून राहू शकतो. मुळीच्या भरवशावर तपासणी टाळणारा रोगी अशा वेळी मोलाचा काळ गमावतो.

याचा अर्थ वनस्पती निकामी, असा नाही. 1968 साली म्युनिकमध्ये युरोपातल्या एका काटेरी झाडाच्या बियांतून सिलिमारिन वेगळे झाले. त्यातला सिलिबिनिन हा घटक विषारी अळंबीने यकृत बिघडल्यास शिरेतून दिला जातो. वारसा म्हणून आपण कासनी जपली, ते चांगलेच झाले. पण इब्न सीनांनी तिच्यासोबत कसोटीही दिली होती. तिचा विसर पडला, तर वारसा अर्धाच उरतो.