पंचरंगी आणि आमच्या घरातले दोन पक्ष

पंचरंगी क्रिकेट सामन्यांचा विषय निघाला की आमच्या घरात दोन पक्ष पडत. एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला त्यांचे धाकटे भाऊ. दोघं गिरगावातल्या एकाच चाळीत वाढलेले. आजोबांना ब्रेबॉर्न स्टेडियमवरचे डाव तोंडपाठ. धाकट्या आजोबांनी तरुणपणीच खादी धरलेली आणि ज्या संघाच्या नावात धर्म आहे त्याचा सामना बघायचा नाही, हा त्यांचा नेम. ‘दादा, इंग्रजानं आपल्या पाच पंगती मांडल्या आणि तुम्ही तिकीट काढून जेवायला बसलात,’ असं ते म्हणत. आजोबा हसून उत्तर द्यायचे, ‘अरे, पंगती वेगळ्या असतील, पण समोरच्या पंगतीतल्या माणसाच्या फटक्याला टाळ्या वाजवायला आम्ही तिथंच शिकलो.’

खरं तर या पंगती कोणी एका दिवसात, ठरवून मांडल्या नव्हत्या. मुंबईत आधी साहेब आपापसांत खेळायचे. मग पारशांनी बॅट उचलली आणि 1877 साली ते बॉम्बे जिमखान्याच्या गोऱ्यांशी पहिल्यांदा भिडले. पुढे त्यांचे सामने दरवर्षीचे झाले. 1907 मध्ये हिंदू आल्यावर स्पर्धा तिरंगी झाली, 1912 मध्ये मुसलमान आल्यावर चौरंगी. 1937 मध्ये ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू वगैरे मंडळींचा ‘रेस्ट’ हा संघ आला आणि ती पंचरंगी म्हणून ओळखली जाऊ लागली. आजही मरीन ड्राइव्हवरून चालत गेलं, की समुद्राकडे तोंड करून उभे असलेले पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने ओळीनं लागतात. त्या काळी क्लब जातीधर्माचा असायचा, म्हणून संघही जातीधर्माचा झाला.

आजोबांच्या गोष्टी त्यांच्या जन्माच्याही आधीपासून सुरू होत, कारण पणजोबांनी 1906 चा सामना पाहिला होता. त्या फेब्रुवारीत हिंदूंनी बॉम्बे जिमखान्यावर गोऱ्यांना 109 धावांनी हरवलं. ज्या जिमखान्यात हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हतं, तिथल्याच हिरवळीवर. पणजोबा कचेरीत कारकून. एरवी साहेबासमोर मान वर न करणारा हा माणूस त्या संध्याकाळी टोपी उडवत घरी आला, असं आजोबा रंगवून सांगायचे. आणि मग नाव यायचं बाळूचं.

बाळू पालवणकर. डावखुरा फिरकी गोलंदाज, जातीनं चांभार. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायची, हे त्याचं काम. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्याचा हात बसला. त्या साहेबांत ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज होता. ग्रेगला बाद केलं की बाळूला आठ आणे मिळत, अशी दंतकथा पुण्यात रूढ होती. आजोबा ती सांगताना आठ आण्यांचा रुपया करत. पुण्याच्या हिंदूंनी बाळूला संघात घेतलं, कारण त्याच्याशिवाय गोऱ्यांना हरवता येईना. पुढे प्लेगच्या साथीत, 1896 च्या सुमारास, तो मुंबईला आला आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या संघातून तो विलायतेला गेला आणि तिथल्या मोसमात त्यानं 114 बळी घेतले.

इथवर आजोबा सांगत. इथून पुढचं धाकटे आजोबा सांगायचे, कारण आजोबा ते वगळत असत. पुण्यात संघातले बाकीचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा घ्यायचे, तेव्हा बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. जेवायलाही त्याचं पान वेगळं. मैदानात त्यानं हाताळलेला चेंडू झेलताना कोणाला विटाळ होत नसे. लहानपणी धाकट्या आजोबांनी पणजोबांना विचारलं होतं, ‘बाळू आपल्याकडे आला असता, तर तुम्ही त्याला आत घेतला असता?’ पणजोबा म्हणाले, ‘तो कशाला येतोय आपल्याकडे?’ आणि शाळेतल्या मार्कांची चौकशी करू लागले. त्या दिवसापासून आपला पंचरंगीवरचा विश्वास उडाला, असं धाकटे आजोबा सांगत. ‘मुसलमान वेगळा, पारशी वेगळा, हे ठीक धरून चालू. पण ज्याला हिंदू म्हणून खेळवलं, त्याला तरी हिंदू मानलं का?’

बाळू हा हिंदूंचा सर्वांत मोठा गोलंदाज होता, पण कप्तानपद त्याच्याकडे आलं नाही. 1920 मध्ये यावरून मोठा वाद झाला, पालवणकर बंधूंनी उघड निषेध केला. त्यानंतर बाळूला उपकप्तान केलं गेलं आणि अंतिम सामन्यात कप्तान पै मैदानाबाहेर गेल्यावर संघाची सूत्रं थोडा वेळ त्याच्या हाती आली. रीतसर कप्तानपद मिळालं ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, 1923 मध्ये. हिंदूंनी त्या वर्षी गोऱ्यांना हरवून स्पर्धा जिंकली आणि लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेऊन मिरवलं. ज्यांच्या घरात त्याला पाणी मिळालं नसतं, असे खांदेही त्यात होते. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसनं बाळूला खुद्द डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभं केलं. बाळू हरला. ‘तिथंही त्याला दुसऱ्याच्याच डावात गोलंदाजी करायला लावली,’ हे धाकट्या आजोबांचं वाक्य. ते स्वतः काँग्रेसवाले असूनही हे म्हणायचे, याचं मला नेहमी कौतुक वाटत आलं आहे.

आजोबांच्या बाजूचा सर्वांत बळकट साक्षीदार म्हणजे विजय हजारे. सांगलीचा मराठी ख्रिस्ती मुलगा. पंचरंगीत तो रेस्टकडून खेळायचा, म्हणजे गिरगावातल्या हिंदू प्रेक्षकांच्या समोरच्या बाजूनं. 1943 च्या मोसमात त्यानं मुसलमानांविरुद्ध 248 धावा काढून स्पर्धेतला विक्रम केला. अंतिम सामन्यात हिंदूंच्या विजय मर्चंटनं नाबाद 250 करून तो मोडला. मग रेस्टच्या दुसऱ्या डावात हजारेनं 309 केल्या. संघाच्या एकूण धावा 387. भाऊ विवेक एका बाजूनं उभा राहिला आणि त्यांची 300 धावांची भागी झाली, त्यात विवेकच्या 21. हिंदू एका डावानं जिंकले, तरी आजोबा घरी आले ते हजारेचं नाव घेत. ‘कुठल्या संघाचा म्हणून विचारायचं भान कोणाला होतं?’

धाकटे आजोबा यावर शांतपणे म्हणायचे, ‘दादा, हाच हजारे पुण्यात महाराष्ट्राकडून कप्तान देवधरांच्या हाताखाली खेळला. 1939 च्या मोसमात बडोद्याविरुद्ध नाबाद 316 काढल्या. तिथं तो तुझ्याच बाजूचा होता. मुंबईत आल्यावर त्याला परका करून मग त्याच्यासाठी टाळ्या वाजवायची हौस कशाला?’

यावर आजोबांकडे उत्तर नसे. रणजी स्पर्धा 1934 मध्ये सुरू झाली होती आणि तिच्यात संघ प्रांतांचे होते. देवधर हिंदूंचे, हजारे रेस्टचा, पण महाराष्ट्राच्या संघात दोघे एका पंगतीला. इंदूरला होळकरांच्या संघात सी. के. नायडू आणि मुश्ताक अली एकत्र खेळायचे आणि पंचरंगीत समोरासमोर यायचे. डिसेंबर 1940 मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींना भेटायला गेली, तेव्हा त्यांनी हेच सांगितलं: कॉलेजांचे, संस्थांचे सामने समजतात, धर्मवार संघ समजत नाहीत. त्या वर्षी हिंदूंनी माघार घेतली. 1942 मध्ये ‘चले जाव’ चळवळीमुळे स्पर्धाच झाली नाही. मग ती पुन्हा सुरू झाली आणि गर्दीही पुन्हा झाली.

1944 चा अंतिम सामना दोन्ही आजोबांना सारखाच अडचणीचा होता. त्याच वर्षी सप्टेंबरात गांधी आणि जिना यांची बोलणी मलबार हिलवर फिसकटली होती. आणि ब्रेबॉर्नवर मुसलमानांनी हिंदूंना एका गड्यानं हरवलं. के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत नाबाद, 137. आजोबांच्या मते त्या संध्याकाळी स्टँडमधून कोणी शिवी दिली नाही की दगड मारला नाही. धाकट्या आजोबांचं म्हणणं, दगड पडला नाही म्हणून सलोखा झाला असं होत नाही. इब्राहिम मुंबईचाच, रणजीत मर्चंटबरोबर मुंबईसाठी खेळणारा. पुढे भारतासाठी चार कसोटी खेळला आणि नंतर कराचीला गेला. सलोखा असेल तर हा माणूस का गेला, असं धाकटे आजोबा विचारत. पंचरंगीमुळे गेला का, असं आजोबा उलट विचारत. 1946 च्या सुरुवातीला स्पर्धा संपली. फाळणी तरी झालीच.

मला दोघांचंही पटतं, पण अर्धंच. कोण कोणाशी खेळतो, यावर त्यांचा सगळा वाद चालायचा. बाळूची गोष्ट वेगळा प्रश्न विचारते: एकाच संघात खेळणाऱ्यांपैकी कप्तान कोणाला होता येतं आणि कोणाच्या शेजारी पान मांडलं जातं. रणजीनं पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. दुसरा प्रश्न संघ प्रांताचा असो की देशाचा, प्रत्येक निवड समितीसमोर आणि प्रत्येक स्वयंपाकघरात नव्यानं उभा राहतो. समोरच्याच्या फटक्याला टाळ्या देणं तुलनेनं सोपं असतं, कारण सामना संपला की तो आपल्या तंबूत जातो. आपल्याच तंबूतल्या माणसाच्या हाती सूत्रं देणं अवघड, कारण मग त्याचं ऐकावं लागतं. म्हणून मला 1923 ची विठ्ठलची मिरवणूक फारशी भुलवत नाही. मी बघतो ते त्याच्या आधीच्या वर्षांकडे, जेव्हा बाळू बळी घेत होता आणि कप्तान दुसराच कोणी होत होता.

विठ्ठल पालवणकरांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. ते 1948 मध्ये, पंचरंगी बंद पडून दोन वर्षांनी निघालं. जातीय संघांचा वाद तोवर मिटला होता. मैदानावर आणि मैदानाबाहेर एका खेळाडूला काय सोसावं लागलं, हे मात्र त्याच्याच शब्दांत मराठी वाचकाच्या हाती आलं होतं. धार्मिक संघ मोडले म्हणून आपण एक झालो, असं समजणाऱ्यानं ते वाचावं.