बंब, आजवा आणि गिझर

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत गिझर दुरुस्तीला गेलो की न्हाणीघरात अजूनही एखादा तांब्याचा बंब दिसतो. मधल्या नळीत लाकडं पेटवायची, भोवतीचं पाणी तापायचं. फार तर तोटी गळे, नाहीतर सांध्याला डाग द्यावा लागे.

या घरांत नळ आले ते तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांमुळे. जगन्नाथ सदाशिवजी या अभियंत्याने बांधलेल्या आजवा सरोवराचं पाणी १८९२च्या सुमारास शहरात खेळू लागलं. त्यांच्याच काळात, १८९०मध्ये, कलाभवन ही हातकाम शिकवणारी शाळा निघाली. हातकामाला शाळेचा मान देणारा राजा मला फार मोठा वाटतो.

आता बोअरच्या जड पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉइल जळते. मी आधी मेन स्विच बंद करतो, तारा सोडवतो, मग मीटर लावतो. २३० व्होल्टची २००० वॅटची कॉइल साधारण २६ ओहम दाखवते. काटा हललाच नाही तर कॉइल गेली. आकडा बरोबर असून पाणी गारच, तर थर्मोस्टॅट किंवा कटआउट बघायचा. आणि अर्थिंग तपासल्याशिवाय गिझर चालू करून देत नाही, घरचे कितीही घाईत असोत.