पंप कुठे ठेवायचा? व्हीओसी मोजण्याचा छोटा इतिहास

नागापूरच्या हवेवर संशोधन करायचं म्हटलं की तुमचं बोट आपोआप एमआयडीसीकडे जाईल. त्यात गैर काही नाही. पण प्रस्ताव लिहिण्याआधी या विषयाचा इतिहास जरा बघून घ्या.

व्हीओसी म्हणजे वाष्पशील सेंद्रिय संयुगं: थिनर, पेट्रोल, ओला रंग यांतून नेहमीच्या तापमानालाच उडून जाणारी बेंझिन, टोल्युइनसारखी रसायनं. १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये हागेन-स्मिट यांनी दाखवलं, की अशी हायड्रोकार्बनं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो. मग सगळ्यांची नजर गाड्या आणि रिफायनऱ्यांवर, म्हणजे बाहेरच्या हवेवर खिळली.

१९८० च्या दशकात अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतल्या लान्स वॉलेस यांनी पंपाची जागाच बदलली. ‘टीम’ नावाच्या त्या अभ्यासात न्यू जर्सीतल्या बेयॉन आणि एलिझाबेथ या कारखान्यांच्या गावांतल्या लोकांनी छोटे पंप दिवसभर जवळ बाळगले. घराबाहेरही पंप लावले. कारखाने शेजारी असूनही बऱ्याच संयुगांचं प्रमाण बाहेरपेक्षा माणसाभोवती जास्त निघालं. कारणं साधी होती: सिगारेट, रंग, ड्रायक्लीन केलेले कपडे, कसर लागू नये म्हणून कपाटात ठेवायच्या गोळ्या.

आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. पेट्रोलमधल्या बेंझिनवरही मर्यादा आल्या. नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बेंझिनची वार्षिक सरासरी दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरली. पण ही मानकं बाहेरच्या हवेची. नागापुरातल्या एखाद्या स्वयंपाकघराला ती लागू होत नाहीत.

आता तुमच्या कामाचं. ‘टीम’चे आकडे उचलून इथे चिकटवू नका. थंडीत बंद राहणारी तिकडची घरं वेगळी, आपली उघडी दारं आणि कुठे कुठे पेटणारी चूल वेगळी. आणि ‘घरातच जास्त आहे ना, मग कारखान्याचं काय एवढं?’ असं कुणी म्हणालं तर सांगा, की तो अभ्यास रहिवाशांचा होता. दिवसभर स्प्रे पेंटिंग करणाऱ्या कामगाराचा हिशोब त्यात बसत नाही.

म्हणून एक पंप वसाहतीच्या हद्दीवर, एक घरात आणि एक कामगाराच्या कॉलरला लावा. यातला एक गाळलात, तर कुणाचा तरी श्वास तुमच्या प्रबंधाबाहेर राहील. तो कुणाचा, हे मोजायला निघण्याआधीच ठरलेलं असतं.