पायथन २ची साडेचौदा वर्षांची पाठवणी

१/ 'मराठी' या शब्दात अक्षरे किती? आपण म्हणू, तीन. पायथन २ या संगणक भाषेला विचारले तर ती १५ सांगे. पायथन ३ सांगते ५. या फरकाच्या पोटी संगणकविश्वात एक स्थित्यंतर घडले आणि डेबियन नावाच्या प्रकल्पात ते पूर्णत्वास जाण्यास साडेचौदा वर्षे लागली. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९च्या नाताळच्या सुटीत अॅमस्टरडॅम येथे पायथन लिहावयास घेतली. फेब्रुवारी १९९१ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. जगातील लिप्यांना एका सूत्रात बांधणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली ती त्याच वर्षी ऑक्टोबरात. म्हणजे पायथनचा जन्म युनिकोडच्या आधीचा. तिच्या लेखी मजकूर म्हणजे बाइटांची रांग. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट व्यापते; म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणून पंधरा. इंग्रजी लिहिणाऱ्यास हा घोळ कधी जाणवलाच नाही, कारण तेथे एक अक्षर म्हणजे एकच बाइट.

३/ ३ डिसेंबर २००८ रोजी पायथन ३.० आली. मजकूर आणि बाइट यांची तिने फारकत केली. पूर्वी ३ला २ने भागले की १ मिळे, आता १.५ मिळू लागले. जुन्या आज्ञावली नव्या भाषेत तशाच चालणार नाहीत, हे तिच्या कर्त्यांनी जाणूनबुजून स्वीकारले होते.

४/ येथे डेबियनचा प्रवेश होतो. इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केलेला हा मुक्त प्रणालीचा प्रकल्प स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. जगभर लिहिल्या गेलेल्या आज्ञावली गोळा करायच्या, त्यांची पॅकेजेस बांधायची आणि ती एकमेकांशी जुळतील याची हमी द्यायची, हे त्याचे काम. जुलै २०१९ मध्ये आलेल्या 'बस्टर' आवृत्तीत ५७ हजारांहून अधिक पॅकेजेस होती. (डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' चित्रपटांतील पात्रांची नावे असतात. कायम अस्थिर असणाऱ्या शाखेचे नाव सिड, म्हणजे खेळणी मोडणारा तो शेजारचा मुलगा!)

५/ लायब्ररी म्हणजे इतरांनी वापरावा असा तयार कोड. डेबियनचा दंडक असा की शक्यतो एका लायब्ररीची एकच प्रत ठेवावी आणि सर्व आज्ञावलींनी तीच वापरावी. तीत सुरक्षेचे छिद्र सापडले की एकाच ठिकाणी ठिगळ लावले की भागते. हा दंडक मला फार शहाणपणाचा वाटतो. पण त्याची किंमत अशी की ती एक प्रत बदलायची म्हटली, तर तिच्यावर विसंबलेल्या सर्वांना एकत्र हलवावे लागते.

६/ त्यामुळे पायथनची प्रत्येक लायब्ररी दोनदा बांधली जाऊ लागली, एकदा जुन्या भाषेसाठी व एकदा नव्या. एका घरात दोन चुली. पायथन २चा आधार २०१५ मध्ये संपणार होता. २०१४ मध्ये ती मुदत २०२०पर्यंत वाढवण्यात आली. मुदतवाढ मिळाल्यावर जे सर्वत्र होते, तेच येथेही झाले.

७/ बस्टर बाहेर पडताच, ऑगस्ट २०१९ मध्ये, डेबियनने मोहीम हाती घेतली. ज्या ज्या पॅकेजला पायथन २ लागत होती, त्याच्या नावे तक्रार नोंदवली गेली. अशा नोंदी हजारोंच्या संख्येने झाल्या. पण काढायचे कोणत्या क्रमाने? ज्या लायब्ररीवर दहा आज्ञावली उभ्या आहेत ती आधी काढली, तर दहाही कोसळतात. म्हणून आधी पाने, मग डहाळ्या, मग फांद्या आणि सर्वांत शेवटी खोड. एका पानाचा सांभाळ करणारा स्वयंसेवक उत्तर देईनासा झाला, की त्याखालची सारी फांदी अडून राही.

८/ खरा पेच तांत्रिक नव्हताच. जी आज्ञावली नीट चालते आहे, लोक रोज वापरत आहेत, पण जिचा मूळ कर्ता ती नव्या भाषेत आणायला तयार नाही, तिचे काय करावे? ई-पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या कॅलिबरचे कर्ते कोविद गोयल यांनी तर पायथन २चा सांभाळ आपण स्वतः करू, असे सांगितले होते. पुढे त्यांचेही मन वळले; सप्टेंबर २०२०ची कॅलिबर ५.० पायथन ३वर आली. टपाल-याद्या चालवणाऱ्या मेलमन २.१ला मात्र वगळले गेले. तिच्या जागी मेलमन ३ राहिली.

९/ वगळणाऱ्यांना निष्ठुर म्हणणे सोपे आहे. परंतु १ जानेवारी २०२०नंतर पायथन २मध्ये नवे छिद्र सापडले, तर ते बुजवण्याची जबाबदारी तिच्या कर्त्यांवर उरणार नव्हती. २.७.१८ ही शेवटची आवृत्ती एप्रिल २०२० मध्ये निघाली आणि दप्तर बंद झाले. त्यानंतरचा भार उचलायचा कोणी? ज्यांना वेतनही नाही, त्या मूठभर स्वयंसेवकांनी?

१०/ ऑगस्ट २०२१ मध्ये 'बुल्सआय' आली. बस्टरमधील साडेनऊ हजारांहून अधिक पॅकेजेस तीत नव्हती. सगळीच पायथनपायी गेली असे नाही, पण त्यांत तिचा वाटा होता. पायथन २ स्वतः मात्र तेथे उरलीच! काही थोड्या आज्ञावली बांधताना ती अजूनही लागत होती, म्हणून सुरक्षेच्या हमीविना तिला कोपऱ्यात बसू दिले गेले. एक गमतीची गोष्ट: नुसते 'पायथन' हे नाव बुल्सआयमध्ये कोणालाच दिले नव्हते. वारसाच्या हाती सत्ता होती, पण गादी रिकामी. ते नाव हवे असेल, तर कोणती पायथन त्याची मानकरी हे सांगणारे वेगळे पॅकेज आपण बसवायचे.

११/ १० जून २०२३ रोजी 'बुकवर्म' प्रसिद्ध झाली. तीत पायथन २ नाही.

१२/ हे सारे मी का वाचत बसलो? एका ज्येष्ठ संशोधकांनी जुन्या मराठी वृत्तपत्रांची सूची करण्यासाठी लिहिलेली छोटी आज्ञावली माझ्याकडे आली आणि ती माझ्या संगणकावर चालेना. तीत एका ओळीत आकडा ३ने भागला होता. का, ते प्रथम कळलेच नाही. देवनागरी शब्दांची लांबी मोजण्यासाठी त्यांनी बाइटांवर केलेला तो उपाय होता. पायथन ३मध्ये मी ती ओळ खोडली. त्यांचा मूळ कोड त्यांच्या टिपणांसह वेगळा जपून ठेवला आहे.