जमखिंडीचा यात्रेकरू ॲम्स्टरडॅममध्ये

परदेशगमनाचा इतिहास लिहिताना समुद्र कोणी ओलांडला, प्रायश्चित्त कोणी घेतले आणि वाळीत कोणास टाकले, एवढाच हिशेब आपल्याकडे बहुधा मांडला जातो. प्रवासी तेथून काय पाहून आला, हा प्रश्न मागेच राहतो. हिरण्यकेशीच्या काठी वसलेल्या संकेश्वरास तर असल्या हिशेबाची ओळख जुनीच. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाचे प्रकरण संकेश्वर पीठाच्या शंकराचार्यांपर्यंत पोहोचले आणि त्याच्या चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले. पुण्यातल्या चहाच्या पेल्याची ही कथा, तर बोटीने युरोपास जाणाऱ्याची काय सांगावी!

तरीही जाणारे गेले. होनावरचे नारायण गणेश चंदावरकर १८८५ मध्ये मद्रास व कलकत्ता येथील दोन सहकाऱ्यांसह इंग्लंडातील सभांतून हिंदुस्थानची बाजू मांडीत हिंडले. पुढच्याच वर्षी मालवणचे रामकृष्ण गोपाळ भांडारकर प्राच्यविद्या परिषदेसाठी व्हिएन्नास गेले. दोघेही सारस्वत, दोघेही प्रार्थनासमाजाचे धुरीण. त्याच समाजाच्या वाटेने १९०१ साली विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला निघाले. त्यांचा जन्म १८७३ चा, जमखिंडीचा. घर मराठ्याचे आणि वारकरी. गावात कानडी व मराठी दोन्ही भाषा नांदत.

युनिटेरियन पंथाच्या शिष्यवृत्तीवर शिंदे ज्या मँचेस्टर कॉलेजात दाखल झाले, त्याची कुळकथा जाणून घेण्याजोगी आहे. ईश्वर एकच, त्याची त्रिमूर्ती नाही, असे मानणारा हा ख्रिस्ती पंथ. १८१३ पर्यंत त्रिमूर्ती नाकारणे हा इंग्लंडात कायद्याने गुन्हा होता. प्रस्थापित चर्चबाहेरच्या लोकांस ऑक्सफर्ड-केंब्रिजचे दरवाजे मोकळे होण्यास १८७१ साल उजाडावे लागले. तोवर या मंडळींनी आपली विद्यालये निराळी चालविली. १७८६ मध्ये मँचेस्टरला स्थापन झालेले हे कॉलेज १८८९ मध्ये ऑक्सफर्डला आले. म्हणजे शिंदे यांना भेटला तो राज्यकर्त्यांचा मिरवणारा युरोप नव्हे. त्याच युरोपात दीर्घकाळ उंबऱ्याबाहेर राहिलेल्यांचा तो समाज होता. एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारख्या गुरूंकडून ते तेथे धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकले. हा पंथ केवळ प्रवचनावर थांबत नसे. मोठ्या शहरांतील गलिच्छ वस्त्यांत त्याची सेवाकेंद्रे १८३० नंतरच्या दशकापासून चालत आली होती. उपासना आणि दरिद्री शेजाऱ्याची सेवा ही दोन कामे नव्हेत, हा धडा शिंदे यांनी या मंडळींत गिरविला.

१९०३ च्या सप्टेंबरात ॲम्स्टरडॅमला उदार धर्ममतवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. नाना देशांतील समानधर्मी मित्रांच्या त्या मेळाव्यात शिंदे यांनी हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला. ज्या शहरात ते बोलले, त्याचाही एक इतिहास आहे. १५७८ मध्ये तेथे प्रॉटेस्टंटांची सत्ता आली आणि इतरांची उघड उपासना बंद झाली. मग कॅथलिकांनी साध्या घरांच्या आत, माळ्यांवर, आपली प्रार्थनामंदिरे थाटली. रस्त्यावरून पाहता घरच दिसे. देव आत असे. असे एक मंदिर, १६६३ मधले, आजही तेथे पाहावयास मिळते.

गोमंतकातून आलेल्या आपल्या कुळांना ही कथा परकी वाटू नये. पोर्तुगीज अमलात श्रीमंगेशाला १५६० मध्ये कुशस्थळी सोडून अंत्रुज महालातील प्रियोळास यावे लागले. तेथे देव लपविणारे कॅथलिक, तर येथे कॅथलिकांच्याच सत्तेपुढे देव हलविणारे हिंदू! दडपणारा आणि दडपला जाणारा ही कोणा एका धर्माची कायमची नावे नव्हेत. मात्र देवासाठी दार बंद होण्याचे दुःख ज्याला ठाऊक आहे, त्याने आपल्या देवळाचे दार दुसऱ्यासाठी कसे लावावे?

मायदेशी परतलेल्या शिंदे यांनी याच दाराचा प्रश्न हाती घेतला. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढून त्यांनी निराश्रित साहाय्यकारी मंडळीचे काम सुरू केले. अध्यक्षस्थानी होते चंदावरकर. या कार्याची एक शाखा पुढे हुबळीतही निघाली. परदेशी पाहिलेली रीत त्यांनी जशीच्या तशी आणली नाही. घरच्या भागवतधर्माची समता आणि तेथील सेवाकेंद्रांची शिस्त यांची त्यांनी सांगड घातली.

शिंदे २ जानेवारी १९४४ रोजी वारले. ज्या विठ्ठलाचे नाव त्यांना मिळाले होते, त्याच्या पंढरीचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले, आणि दार उघडले. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात असल्याने संकेश्वरासही तो लागू झाला. कायद्याने कवाड उघडते. आत आलेल्यास पंगतीत शेजारी बसवून घेणे मात्र कायद्याच्या हाती नसते. शिंदे यांच्या प्रवासाचा हिशेब मांडावयाचा तर तो समुद्रापाशी न मांडता आपल्या देवळाच्या या पंगतीपाशीच मांडला पाहिजे.